उर्फा ते हारान: चंद्राच्या मुलखात

तुर्कस्तानच्या आग्नेय भागात, सीरियाच्या सीमेजवळ, शानलिउर्फा नावाचं शहर आहे. तिथले लोक नुसतं उर्फा म्हणतात. इस्तंबूल, कप्पादोकिया, पामुक्कले या ठरलेल्या वाटेवर ते येत नाही, म्हणून आपल्याकडच्या सहलींच्या कार्यक्रमात सहसा नसतं. पण देवधर्म माणसाच्या आयुष्यात कसा आला आणि कसकसा बदलत गेला, हे ज्याला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचंय त्याने आधी इथे यावं असं मला मनापासून वाटतं. गाडीने तास-दीड तासाच्या टापूत शिकारी माणसांनी उभे केलेले साडेअकरा हजार वर्षांपूर्वीचे खांब आहेत, चंद्रदेवाचं नगर आहे, आणि ज्यू, ख्रिस्ती, मुसलमान असे तिघेही ज्याला आपला मूळपुरुष मानतात त्या अब्राहमची, म्हणजे इब्राहिमची, जन्मगुहाही आहे.

माझ्याबरोबर माझी मावशी होती. तिचं सगळं आयुष्य शाळेत संस्कृत शिकवण्यात गेलं. ती का आली होती ते पुढे सांगते.

आम्ही सुरुवात पुरातत्त्व संग्रहालयापासून केली. आत शिरल्यावर थोड्याच वेळात ‘उर्फा माणूस’ समोर येतो. चुनखडीच्या दगडातला जवळजवळ १.८० मीटर उंचीचा पुरुष. १९९३ साली शहराच्या जुन्या वस्तीत बांधकाम चालू असताना तो सापडला. वय साधारण अकरा हजार वर्षं. माणसाच्या पुरुषभर उंचीच्या, जगातल्या सर्वांत जुन्या मूर्तींपैकी ही एक. डोळ्यांच्या खोबणीत काळ्या ज्वालामुखी काचेचे तुकडे बसवलेत, गळ्याशी दुहेरी कंठा कोरलाय, दोन्ही हात पोटाखाली जुळवलेले आहेत. तोंड मात्र नाही. पुसलं गेलेलं नाही, ते मुळात कोरलेलंच नाही. मावशी बराच वेळ त्याच्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, “अगं, हा बघतोय, पण बोलणार नाही.” दुसऱ्या दिवशी टेकडीवर गेल्यावर हे वाक्य मला पुन्हा पुन्हा आठवत होतं.

गोबेक्लीतेपे शहरापासून पंधरा-सोळा किलोमीटरवर आहे. तिकीटघरापासून वर जायला छोटी बस असते. आजूबाजूला सगळा उघडाबोडका चुनखडीचा माळ, मधूनच पिस्त्याच्या बागा. टेकडीच्या माथ्यावर एकटं तुतीचं झाड आहे. उत्खनन सुरू होण्याच्या कितीतरी आधीपासून आसपासच्या गावच्या बायका त्याला नवसाच्या चिंध्या बांधत आल्यात. पायाखाली काय पुरलंय हे त्यांना ठाऊक असायचं कारणच नव्हतं.

१९६३ साली एका पाहणीत या टेकडीची नोंद झाली होती, पण वर दिसणारे दगड कबरींचे समजून ती मागे पडली. १९९४ मध्ये क्लाउस श्मिट हे जर्मन पुरातत्त्वज्ञ इथे आले. त्याआधी त्यांनी नेवाली चोरी नावाच्या स्थळावर काम केलं होतं. अतातुर्क धरणाच्या पाण्याखाली ते स्थळ गेलं, पण तिथले इंग्रजी टी अक्षरासारखे खांब त्यांच्या डोळ्यांत बसलेले होते. इथे मातीतून वर आलेले दगडाचे कंगोरे त्यांनी पाहिले आणि ओळखले. पुढच्या वर्षी खोदकाम सुरू झालं आणि २०१४ साली त्यांचं निधन होईपर्यंत ते या टेकडीला बांधलेले राहिले. २०१८ मध्ये युनेस्कोने ती जागतिक वारशाच्या यादीत घेतली.

छपराखालच्या लाकडी वाटेवरून खाली डोकावलं की खोल गोल रिंगणं दिसतात. मोठ्या रिंगणाचा व्यास वीस मीटरपर्यंत जातो. भिंतीत बसवलेले खांब आत तोंड करून उभे, आणि मध्ये दोन सगळ्यांत उंच खांब, साडेपाच मीटरचे. नीट निरखलं की हे खांब म्हणजे माणसं आहेत हे ध्यानात येतं. वरचा आडवा दगड म्हणजे डोकं. बाजूंवर कोपरात वाकलेले हात कोरलेत, बोटं पोटाशी येऊन थांबतात, कमरेला पट्टा आहे, पट्ट्याखाली कोल्ह्याचं कातडं लोंबतंय. चेहरा एकालाही नाही. अंगाखांद्यावर कोल्हे, रानडुकरं, साप, विंचू, क्रौंच. एका मधल्या खांबाच्या पायथ्याशी बदकांसारखे सात पक्षी ओळीने बसलेत. बाजूच्या एका खांबावर पंख पसरलेलं गिधाड आहे आणि खालच्या अंगाला शिर नसलेला माणूस. इथे कोरीव खुणा केलेल्या कवट्यांचे तुकडेही सापडलेत, त्यामुळे मेलेल्यांच्या डोक्याशी निगडित काही विधी होत असावेत असं अभ्यासक मानतात. मुंबईत वाढलेल्या माणसाला गिधाड आणि मृत शरीर एकत्र पाहिलं की मलबार हिलवरच्या पारशांच्या दोखम्याची, म्हणजे मृतदेह गिधाडांसाठी ठेवायच्या बुरुजाची, आठवण होतेच. तेवढ्यावरून दोन प्रथांचं नातं जुळवणं मात्र चुकीचं ठरेल, मध्ये हजारो वर्षांचं अंतर आहे.

मन चक्रावतं ते काळाचा हिशेब मांडल्यावर. गोबेक्लीतेपेचा काळ इ.स.पू. ९५०० ते ८००० असा धरतात. तेव्हा शेती नव्हती, पाळीव गुरं नव्हती, मातीची भांडी नव्हती, चाक नव्हतं. पिरॅमिडला अजून सहा-सात हजार वर्षं होती. इथे सापडलेली हाडं सगळी रानटी जनावरांची, त्यात हरणं सर्वांत जास्त. हजारो दगडी पाटे-वरवंटे मिळाले, पण त्यांवर दळलं जाणारं धान्य रानात आपोआप उगवलेलं. जवळच्याच खाणीत जवळपास सात मीटर लांबीचा एक अर्धवट कोरलेला खांब अजून खडकाला चिकटून पडलेला आहे. असले दगड दोन-चार कुटुंबांना हलणारे नव्हेत.

यावरून श्मिट यांनी एक धाडसी मांडणी केली: आधी देऊळ आलं, गाव नंतर. देवकार्यासाठी माणसं जमू लागली, जमलेल्यांना जेवू घालायचं म्हणून धान्याची निगा राखावी लागली आणि त्यातून शेती आली. शाळेत आपण नेमकं उलट शिकलो होतो, आधी शेती, मग सवड, मग देव. श्मिट यांच्या म्हणण्याला बळ देणारी एक गोष्ट आहे. इथून ईशान्येला काराजादाग नावाचा डोंगर आहे आणि १९९७ मध्ये झालेल्या जनुकीय अभ्यासात गव्हाच्या एका आद्य वाणाचं मूळ तिथल्या रानगव्हाशी जुळलं. आपल्याकडे सांगली-साताऱ्याला पिकणारा खपली गहूसुद्धा याच सुपीक पट्ट्यातल्या रानगव्हाचा वंशज.

पुढे त्याच टेकडीवर राहत्या घरांचे अवशेष मिळाले, पावसाचं पाणी साठवायची टाकी मिळाली. म्हणजे इथे लोक वस्तीला होते. रिंगणं मुद्दाम विधिपूर्वक पुरली असं आधी मानत, आता उतारावरून माती-दगड घसरून ती बुजली असावीत असं दिसतंय. ‘जगातलं पहिलं मंदिर’ हे शब्द फलकावर आणि वाटाड्यांच्या तोंडी आहेत, पण मला ते आता पटत नाहीत. जिथे घर आणि देव वेगळे झालेलेच नव्हते, तिथे देऊळ कशाला म्हणायचं? चूल, दळण, मेलेला आजा आणि खांबावरचा कोल्हा हे सगळं एकाच जगण्याचा भाग असणार. मला तरी हे चित्र ओसाड माळावरच्या एकट्या देवळापेक्षा जास्त जिवंत वाटतं.

दुपारी शहरात परतलो. बालिक्लिगोल म्हणजे माशांचं तळं हे उर्फाचं हृदय. कथा अशी: नमरूद राजाच्या मूर्ती इब्राहिमने फोडल्या, राजाने सरण रचलं आणि किल्ल्यावरून गोफणयंत्राने त्याला त्यात फेकलं. देवाच्या आज्ञेने आगीचं पाणी झालं, लाकडांचे मासे झाले. ‘हे अग्नी, इब्राहिमसाठी थंड आणि सुखरूप हो’ ही आज्ञा कुराणात आहे, मासे लोककथेतले. तळ्यातल्या माशांना कोणी हात लावत नाही, चणे विकत घेऊन लोक त्यांना घालतात. वर किल्ल्यावर दोन जुने स्तंभ उभे आहेत, ते त्या गोफणयंत्राचे खांब असं इथली पोरंटोरंही सांगतात. जेवणातही हीच कथा येते. राजाने सगळं सरपण गोळा केल्यामुळे चूल पेटेना, म्हणून एका बाईने मांस कच्चंच बुलगूर (गव्हाचा दलिया) आणि मिरचीबरोबर मळलं, तो चिग कोफ्ते. आता बिनमांसाचाही सगळीकडे मिळतो. आम्ही तो रोज खाल्ला, उर्फाच्या काळपट इसोत मिरचीसाठी तर नक्कीच खावा.

जन्मगुहेत बायकांना आणि पुरुषांना वेगवेगळी दारं आहेत. डोक्यावर ओढणी घेऊन आम्ही वाकून आत गेलो. आत गारवा आणि दाटी. कोणी कोपऱ्यात नमाज पढत होत्या, कोणी लेकराच्या तोंडावरून तिथल्या झऱ्याचं पाणी फिरवत होत्या. एका म्हातारीने पेला भरून मावशीच्या हातात दिला. आम्ही कुठल्या, कोणत्या धर्माच्या, तिने काही विचारलं नाही. मावशीने दोन्ही हातांनी पेला घेतला, तीर्थ घेताना घेते तसाच.

आता हारान. उर्फाच्या दक्षिणेला पाऊण तासाचा रस्ता, दोन्हीकडे कापसाची सपाट रानं. लोक येतात ते मातीच्या घुमटाकार घरांचे फोटो काढायला. आम्ही ती घरं भरभर पाहिली आणि मोठ्या मशिदीच्या अवशेषांकडे गेलो. आठव्या शतकातल्या उमय्यद काळातली ही मशीद, तिचा चौकोनी मिनार लांबूनच दिसतो.

इस्लामच्या हजारो वर्षं आधीपासून हारान चंद्राचं होतं. देवाचं नाव सीन, त्याच्या देवळाचं नाव एहुलहुल. बाबिलोनचा शेवटचा राजा नबोनिदस (इ.स.पू. ५५६ ते ५३९) याने ते पुन्हा बांधलं. १९५६ साली या मशिदीच्या दारांशी खोदताना पायऱ्यांना लावलेले मोठे शिलालेख मिळाले, अक्षरांची बाजू खाली करून बसवलेले. त्यांतला एक राजाची आई अदद-गुप्पी हिच्या तोंडी आहे. ती सांगते की सीन आपल्या नगरावर कोपला, आकाशात निघून गेला आणि नगर उजाड झालं. देवाने परत यावं म्हणून तिने उंची वस्त्रं सोडली, सोनं-रुपं सोडलं, अंगाला सुगंधी तेल लावणं सोडलं, फाटकं नेसून ती प्रार्थना करत राहिली. १०४ वर्षं जगली, पतवंडांपलीकडची पिढी पाहिली आणि देव परत आल्याचं समाधानही तिला मिळालं. रुसलेल्या देवासाठी बाईने व्रत धरायचं, हे आपल्याला कोणी समजावून सांगायला नको. हे मी वाचून दाखवत होते तेव्हा मावशीचे डोळे भरून आले.

बायबल सांगतं की अब्राहमचा बाप तेरह ऊर नगर सोडून निघाला तो याच हारानला येऊन राहिला आणि इथेच वारला. ऊर हेही चंद्रदेवाचंच नगर. आणि कुराणात इब्राहिम रात्री तारा पाहतो, म्हणतो हा माझा देव. तो मावळतो तेव्हा म्हणतो, मावळणाऱ्यांवर माझं प्रेम नाही. मग चंद्र पाहतो, त्यालाही देव म्हणतो, आणि तोही मावळतो. ही आयत मला आधीपासून माहीत होती, पण हारानच्या मातीवर उभं राहिल्यावर तिची धार कळली. चंद्राला सोडायचं म्हणजे बापाच्या घराला, गावाच्या सणांना, आईच्या उपासाला सोडायचं. इब्राहिम खरोखर होऊन गेला का, याचं उत्तर पुरातत्त्वाकडे नाही. पण एकेश्वराची कथा कोणाशी वाद घालत वाढली, ते इथे दिसतं. नवा धर्म रिकाम्या जागेत जन्मत नाही, तो जुन्या देवाकडे तोंड करून बोलत असतो.

आणि जुना देवही लगेच जात नाही. इस्लाम आल्यावर काही शतकं हारानमध्ये ग्रहपूजक टिकून होते. स्वतःला ते साबियन म्हणवत, कारण कुराणात त्या नावाच्या लोकांना मान्यता आहे. थाबित इब्न कुर्रा हा नवव्या शतकातला थोर गणिती त्यांच्यातलाच.

आता मावशीचं कारण. इ.स.पू. चौदाव्या शतकात हा सगळा मुलूख मितान्नी राज्याच्या सत्तेखाली होता. मितान्नीचा राजा शत्तिवाझा आणि मध्य तुर्कस्तानात सत्ता असलेला हित्ती राजा सुप्पिलुलिउमा यांच्यात तह झाला, त्याच्या मातीच्या पाट्या विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हित्तींच्या राजधानीत, बोआझकोयला, सापडल्या. तहाला साक्षी म्हणून देवांची लांबलचक यादी आहे. तीत हारानचा चंद्रदेव आहे, आणि थोडं पुढे मित्र, वरुण, इंद्र, नासत्य. ऋग्वेदातले हे चार देव या यादीत कसे पोचले यावर विद्वान शंभर वर्षं वाद घालतायत. मावशी ही नावं चाळीस वर्षं फळ्यावर लिहीत आली होती. मिनाराच्या सावलीत बसून तिने नासत्यांची, म्हणजे अश्विनीकुमारांची, एक ऋचा मोठ्याने म्हटली. आमच्या गाडीचा अरबी बोलणारा चालक शेजारी येऊन बसला, संपेपर्यंत ऐकत राहिला आणि शेवटी “आमीन” म्हणाला.

जायचं असेल तर एप्रिल किंवा ऑक्टोबर गाठा, उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो. इस्तंबूलहून उर्फाला थेट विमान आहे. संग्रहालय आधी बघा, टेकडी नंतर. संग्रहालयात एका रिंगणाची पूर्ण आकाराची प्रतिकृती आहे, तिच्या आत उभं राहता येतं, टेकडीवर ते शक्य नाही. एक दिवस हाताशी जास्त असला तर काराहानतेपेला जा. तिथे २०१९ पासून उत्खनन चालू आहे, खडकातून बाहेर आलेलं एक मानवी डोकं आहे, आणि या डोक्याला चेहरा आहे.