हयातीचा दाखला, स्वतःच्या हातानं

ठाण्यात नौपाड्यातल्या आमच्या ग्रंथालयात शनिवारी दुपारी ज्येष्ठांसाठी मोफत संगणकवर्ग असतो. त्या दिवशी मी ई-मेलला फाइल कशी जोडायची ते शिकवणार होते, फळ्यावर लिहूनही झालं होतं. तेवढ्यात किसननगरचे काका आले. नेहमीच्या जागेवर न बसता त्यांनी हातातली प्लॅस्टिकची पिशवी माझ्या टेबलावर ठेवली. आत पासबुक, आधार कार्ड आणि पेन्शनच्या आदेशाची घडीवर फाटलेली प्रत. तीन महिने पेन्शन आली नव्हती.

काका वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात लेथवर, म्हणजे लोखंड कातायच्या यंत्रावर, टर्नर होते. तिथं आता काचेच्या इमारती आणि आयटी कंपन्या आहेत, पण ठाण्यात किसननगर, सावरकरनगर, लोकमान्यनगर या भागांत त्या बंद पडलेल्या कारखान्यांची माणसं अजून राहतात. बहुतेकांना ईपीएस-९५ ची, म्हणजे भविष्य निर्वाह निधीच्या योजनेची, पेन्शन मिळते. २०१४ पासून या योजनेत किमान पेन्शन महिना १,००० रुपये आहे. ज्याच्या घरात दुसरी मिळकत नाही त्याला त्यातूनच रक्तदाबाच्या गोळ्या आणायच्या असतात. ती चालू ठेवायची तर वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो. काकांच्या मागच्या दाखल्याची मुदत संपली होती. नवा काढायला ते तीनदा एका केंद्रावर जाऊन आले, पण यंत्र त्यांचा अंगठा घेतच नव्हतं. "बोटं उमटत नाहीत," एवढं सांगून त्यांना परत पाठवलं गेलं.

उमटणार कशी? वयानं कातडी कोरडी आणि पातळ होते, ठशांच्या रेषा बसत जातात. त्यात काकांचा सगळा जन्म लोखंडाचा कीस आणि यंत्र थंड ठेवणाऱ्या कूलंटमध्ये गेलेला. त्यांचा अंगठा मी उजेडात धरून पाहिला, तो जवळजवळ गुळगुळीत होता. ज्या कामाबद्दल पेन्शन मिळते, त्याच कामानं ती मिळवायचा अंगठा झिजवून टाकला होता. मला त्या क्षणी फार राग आला.

चेहऱ्यावरूनही दाखला निघतो, ही सोय २०२१ पासून आहे. पण केंद्रावर त्यांना ते कुणी सांगितलं नव्हतं. मी फळा पुसला आणि सगळ्यांना म्हटलं, आज हेच शिकू.

एक गोष्ट मी या वर्गात कटाक्षानं पाळते. शिकणाऱ्याच्या हातातून माउस किंवा फोन घ्यायचा नाही, कितीही वेळ लागला तरी. मुलं-सुना मनानं वाईट नसतात. दमून लोकलमधून घरी आलेली असतात, "द्या इकडे" म्हणतात आणि दोन मिनिटांत काम उरकतात. पुढच्या वर्षी मात्र तेच आई-वडील पुन्हा तिथंच अडतात. आमच्या वर्गात कितीतरी जणांच्या आधारला मुलाचाच मोबाइल नंबर जोडलेला आहे. मुलगा पुण्याला, ओटीपी पुण्याला, आणि आजी ठाण्यात फोन हातात धरून बसलेली.

काकांच्या फोनवर प्ले स्टोअरमधून दोन ॲप घ्यायची होती, दाखल्याचं 'जीवन प्रमाण' आणि चेहरा पडताळणारं 'आधार फेस आरडी'. दुसऱ्याचं चिन्ह फोनवर कुठंच दिसत नाही, ते आतल्या आत काम करतं. इथं बरेच जण गोंधळतात, ॲप आलंच नाही असं समजून पुन्हा पुन्हा शोधतात. मी सगळ्यांना हेही बजावलं की ॲप घ्यायचं ते फक्त प्ले स्टोअरमधून. "दाखल्याची मुदत संपतेय, इथं दाबा" अशी लिंक व्हॉट्सॲपवर आली तर हात लावायचा नाही, आणि फसलात तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या क्रमांकावर फोन करायचा.

ॲपनं ई-मेल पत्ता मागितला. आधीच्या एका शनिवारी काकांनी याच खोलीत स्वतःचा पत्ता तयार केला होता आणि तो वहीत उतरवून ठेवला होता. एकेक अक्षर शोधत त्यांनी तो टाइप केला.

मग चेहरा. आपला दाखला आपणच काढताना आधी दाखला काढून देणारा म्हणून आणि नंतर पेन्शनर म्हणून, असा एकाच माणसाचा चेहरा दोनदा घेतात. पहिल्यांदा जमेना. मागच्या खिडकीतून ऊन येत होतं आणि चष्म्यावर ट्यूबलाइट चमकत होती. चष्मा काढून आम्ही त्यांना वर्तमानपत्रांच्या स्टँडजवळच्या पांढऱ्या भिंतीपाशी उभं केलं. ॲप डोळे मिटायला-उघडायला सांगत होतं आणि काका श्वास रोखून एकटक बघत होते. लेथपुढं डोळा हलवायचा नाही ही जन्माची सवय असणार. वर्गातल्या चरईच्या आजी त्यांच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या आणि स्वतः पापण्या मिटून-उघडून दाखवू लागल्या. काकांनी त्यांच्याबरोबर पापण्या मिटल्या आणि फोनवरचा गोल हिरवा झाला.

अर्जात पुनर्विवाह केला आहे का, असा एक प्रश्न असतो. तो वाचून काका थबकले, बाकीचे हसले. आजी हसल्या नाहीत. म्हणाल्या, "तो प्रश्न आमच्यासाठी आहे. यांची पेन्शन मला मिळते ना, तेव्हा दर वर्षी मला विचारतात." ईपीएस-९५ मध्ये विधवेनं पुन्हा लग्न केलं तर ती पेन्शन बंद होते, हे वर्गात कितीतरी जणांना ठाऊक नव्हतं. खोलीत त्यावर बरंच बोलणं झालं. आजींच्या बाजूनं सगळ्यात जोरात बोलले ते बँकेतून निवृत्त झालेले एक काका, एरवी ते तोंड उघडत नाहीत.

त्याच अर्जात पेन्शन आदेशाचा क्रमांक आणि खात्याचा क्रमांक. इथं एक आकडा चुकला तरी दाखला निघतो, पण पेन्शन देणारं कार्यालय तो नाकारू शकतं. म्हणून काकांनी टाइप करायचं आणि आजींनी कागदावरून मोठ्यानं वाचायचं असं ठरलं. काका प्रत्येक आकडा दोनदा पडताळत होते. एक सूत इकडचं तिकडं झालं तर जॉब, म्हणजे लेथवर कातायला घेतलेला तुकडा, वाया जातो, हे त्यांना मी सांगायची गरज नव्हती.

एसएमएसनं दाखल्याचा प्रमाण क्रमांक आला. तो घेऊन काका संगणकापाशी बसले, 'जीवन प्रमाण'चं संकेतस्थळ उघडलं, ओटीपी टाकला, दाखल्याची पीडीएफ उतरवली आणि प्रिंटची आज्ञा स्वतः दिली. कागदावर त्यांचा नुकताच घेतलेला फोटो होता, केस विस्कटलेले, डोळे अर्धे मिटलेले. तो कागद वर्गात सगळ्यांच्या हातांतून फिरला.

तेवढ्यानं काम संपत नाही, हे मी त्यांना सांगितलं होतं. दाखला स्वीकारला गेला की नाही ते नंतर बघावं लागतं. पुढच्या शनिवारी त्यांनी वर्गात आल्याआल्या तेच उघडलं, स्वीकारला होता. काही आठवड्यांनी मागची थकबाकीही खात्यात जमा झाली.

आता किसननगरमधले त्यांचे जुने सोबती वर्गात येऊ लागले आहेत. त्यांतल्या दोघांना माउस शिकायचा नाही, फक्त दाखला हवाय. काका त्यांना पांढऱ्या भिंतीपाशी उभं करतात, पण आकडे त्यांच्याच बोटांनी टाकायला लावतात. आजींच्या दाखल्याची मुदत पुढच्या महिन्यात संपते. त्यांना मी आधारला स्वतःचा मोबाइल नंबर जोडून घ्यायला सांगितलंय. आधार केंद्रावर त्यांच्याबरोबर कोण जाणार, हे काकांनी आधीच ठरवून टाकलंय.