चौकातला पियानो आणि एक न रंगवलेली फळी

“रंगवल्याशिवाय वाजत नाही का हा?”

बाईंनी हे भांडायच्या सुरात विचारलं असतं तर सोपं गेलं असतं. भर चौकात रंगकाम करणाऱ्याला भांडणाची उत्तरं तयार ठेवावीच लागतात. पण त्यांनी निव्वळ माहिती म्हणून विचारलं, आणि उत्तराची वाट बघत उभ्या राहिल्या. ऐंशीच्या घरातल्या बाई, डोक्यावर उन्हाची टोपी, हातात गाडीची किल्ली. समोर त्यांच्या आईचा पियानो, अर्धा पिवळा.

आमचं गाव कोलोरॅडोत, रॉकी पर्वताच्या पायथ्याशी. उन्हाळ्यात चौकात, वाचनालयाबाहेर पियानो ठेवतात. कुणीही यावं, वाजवावं. कल्पना आता नवी राहिलेली नाही. ल्यूक जेरम या ब्रिटिश कलाकारानं 2008 साली बर्मिंगहॅममध्ये 15 पियानो लोकांसाठी मांडले, 2010 मध्ये न्यूयॉर्कला 60, आणि मग गावोगावी हे लोण गेलं. आमच्या जवळच्या फोर्ट कॉलिन्समध्ये चित्रकार चौकातच, लोकांच्या डोळ्यांदेखत पियानो रंगवतात. आमच्याकडे पियानो मांडणाऱ्या समितीनं तीच रीत उचलली, आणि यंदा त्यांना मी सापडले. एरवी माझा धंदा पाट्या रंगवायचा. वडील मिरजेत हेच करायचे. तिथे फ्लेक्स आला आणि हातानं काढलेली अक्षरं गेली. इथे फ्लेक्सला कंटाळलेली कॉफीची दुकानं हातच्या अक्षरांना चांगले पैसे मोजतात.

फुकटचे पियानो इथे ढिगानं मिळतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत वर्षाला तीन लाखांहून जास्त पियानो बनत होते. त्यातले उभे पियानो अजून लोकांच्या तळघरात पडून आहेत. एकेकाचं वजन दोन-तीनशे किलो. जिन्यावरून काढायला माणसं लागतात, आणि कचऱ्यात टाकायचा म्हटलं तरी पदरचे पैसे. म्हणून ‘समाजासाठी देणगी’ असं कुणी म्हटलं की आमचे ट्यूनर, म्हणजे पियानो सुरात लावणारे आजोबा नाकातल्या नाकात हसतात. चौकात ठेवलेला पियानो ऊन, पाऊस, थंडी खाऊन दोन-तीन वर्षांत संपतो, हे त्यांना ठाऊक आहे. रंगवलेला पियानो परत कुणी दुरुस्त करून घरात नेत नाही, हेही. रंगकामाला ते तेराव्याचं जेवण म्हणतात, आणि तरीही समितीकडून मिळतील तेवढ्या पैशात पियानो लावून देतात.

बाहेरच्यांना वाटतं, ब्रश घेतला आणि लागलो कामाला. आधी पुढच्या फळ्या उतरवायच्या. मग हातोड्यांचा आख्खा सांगाडा बाहेर काढून झाकून ठेवायचा, कारण घासकामाची धूळ हातोड्यांवरच्या लोकरी नमद्यात शिरली की पट्ट्या अडकायला लागतात. मग जुनं पॉलिश कशाचं आहे ते बघायचं. हे मी मिरजेत शिकले. आमच्या घरापासून सतारमेकर गल्ली जवळ. तंबोऱ्याला चपड्याच्या, म्हणजे लाखेच्या पॉलिशचे हात देताना बघतच मोठी झाले. कोपऱ्यात स्पिरिटचा बोळा फिरवायचा. पॉलिश चिकट होऊन बोळ्याला लागलं तर लाख. या पियानोचं लागलं. शंभर वर्षांची लाख, वर पिढ्यान्‌पिढ्यांचं फर्निचर पॉलिश. त्या पॉलिशमधलं सिलिकॉन नीट निघालं नाही तर नव्या रंगात जागोजागी डोळे, म्हणजे रंग न धरणारे गोल ठिपके पडतात. धुवायचं, घासायचं, मग लाखेचाच प्रायमर, म्हणजे लाकडातला तांबूस डाग वर फुटत नाही. मग ॲक्रिलिक, त्यावर अक्षरांना इनॅमल, शेवटी उन्हाचं वॉर्निश. इथे दीड हजार मीटर उंचीवरचं ऊन लाल रंगाला तर बघता बघता खातं. आणि सांध्यांवरून रंग कधीही सलग न्यायचा नाही. वरचं झाकण उन्हात चिकटून बसतं, आणि मग कुणीतरी ते स्क्रूड्रायव्हरनं उचकटतं. गेल्या वर्षीच्या चित्रकारानं बिजागऱ्यांसकट रंगवून ठेवलं होतं. चित्र छान होतं. झाकण शेवटपर्यंत उघडलं नाही.

चित्राचा विषय हे वेगळंच प्रकरण. समितीला माझ्याकडून ‘तुमच्या संस्कृतीतलं काहीतरी’ हवं होतं. म्हणजे मंडल, हत्ती, जमल्यास मोर. मी बिटाची शेतं काढते म्हटल्यावर टेबलाभोवती शांतता पसरली. या पट्ट्यात साखरबिटाचं केवढं राज्य होतं! लव्हलँडचा कारखाना 1901 सालचा, त्यामागोमाग आसपासच्या गावांत कारखाने उभे राहिले, शेतांना डोंगरातलं पाणी पाटानं आणलं. सांगली-मिरजेच्या मुलीला साखर कारखाना आणि पाटाचं पाणी यापेक्षा आपलं काय असणार? पण ते त्यांना पुरेसं भारतीय वाटेना. शेवटी ठरलं: पुढे बिटं आणि पाट, साखरेच्या पोत्यावर असतात तशी ठसठशीत अक्षरं, आणि बाजूला एक मंडल. ते मंडल मी बिटाच्या आडव्या कापाचं काढलं. आतली वर्तुळं आयती मिळाली. समिती खूश.

खरी झुंज पाठीवर झाली. उभ्या पियानोची पाठ एरवी भिंतीला असते, चौकात ती रस्त्याकडे येते. समिती म्हणाली, गाड्यांतून दिसणारी बाजू तीच, तिथे मोठं चित्र हवं. पण पाठीवर असते ती स्प्रूसची पातळ फळी, साउंडबोर्ड. आपल्याकडच्या भाषेत पियानोची तबली, सतारीच्या भोपळ्यावर बसवलेली लाकडी फळी असते तशी. सव्वादोनशेच्या आसपास तारा, सगळ्यांचा मिळून अठरा-वीस टन ताण, आणि त्यांचा आवाज बाहेर येतो तो त्या फळीच्या थरथरण्यातून. तिच्यावर प्रायमर, रंग, वॉर्निश असे थर चढवायचे म्हणजे गाणाऱ्याला मफलर गुंडाळून मैफलीला बसवायचं. सतारमेकर तबलीची नक्षी काठाकाठानं नेतात ती उगाच नाही. मी नाही म्हटलं. प्लायवूड ठोकू का, असं कुणीतरी विचारलं. त्यानंही आवाज कोंडतोच. मग मी लाकडी चौकटीवर विरळ विणीचं कापड ताणलं आणि चित्र पातळ डायनं रंगवलं, म्हणजे विणीची भोकं बुजत नाहीत. स्पीकरवरच्या जाळीसारखं. ट्यूनर आजोबांनी मागे कान लावून ऐकलं आणि मान हलवली. त्यांच्याकडून एवढं मिळणं फार झालं. समितीच्या पत्रकात या कापडाचा उल्लेख ‘चित्रकाराचा आणखी एक कल्पक स्पर्श’ असा आहे.

तर बाईंचा प्रश्न. मी मला पटलेलं उत्तर दिलं. प्रायमर मारायच्या आधी पियानो चौकात तसाच तपकिरी उभा होता, तेव्हा लोक त्याला वळसा घालून जात. कुणाचं तरी सामान हलतंय असं त्यांना वाटे. एकानं तर किंमत विचारली. पिवळा रंग चढायला लागला तसा पोरांनी पट्ट्यांना हात लावायला सुरुवात केली. रंग म्हणजे हात लावायची परवानगी. बाईंनी ऐकून घेतलं. “आमच्या घरी परवानगी लागायची नाही,” म्हणाल्या, “फक्त हात धुऊन यायचे.”

तेवढ्यात डोंगरावरून ढग आले. इथे उन्हाळ्यात दुपारी हे असंच. पाच मिनिटांपूर्वी लख्ख ऊन, आणि मग थेट गारा. खालची फळी उतरवलेली, पोट उघडं, वर मंडपाचं कापड फडफडतंय. मी ताडपत्री ओढली, वाऱ्यानं दुसरं टोक सुटलं, ते बाईंनी पकडलं आणि खाली वाकून पायाखाली दाबून धरलं. मी नको नको म्हणत होते, त्या ऐकेनात. ताडपत्रीखाली आम्ही दोघी पियानोला टेकून उभ्या, बाहेर गारांचा ताशा.

आत लाकडावर पेन्सिलीनं तारखा होत्या. ट्यूनर लोक पियानो लावून गेले की सही-तारीख टाकतात, तशा. सर्वांत जुनी 1926 ची, शेवटची 1988 ची. त्यांनी मोबाइलच्या उजेडात एकेक वाचली. शेवटच्या तारखेवर बोट ठेवून म्हणाल्या, “यानंतर आईला ऐकू येईनासं झालं. वाजवायची रोज. लावून घ्यायची गरज तिला राहिली नाही.”

मग त्यांनी पट्ट्यांवरच्या झाकणाची आतली बाजू दाखवली, उघडल्यावर वाजवणाऱ्याच्या समोर येते ती. शिकागोच्या कुठल्याशा बंद पडलेल्या कंपनीचं सोनेरी नाव, आणि त्याखाली लाखेत बारीक ओरखडे, शेकड्यांनी. मी ते आधी पाहिले होते. दुपारनंतर तेच घासायला घेणार होते, पॉलिश पेपर काढूनही ठेवला होता. “विद्यार्थ्यांची नखं,” बाई म्हणाल्या. “आई दर तासाला ओरडायची, नखं कापून या.” जुन्या पियानोंवर असे ओरखडे असतात, आमच्या कामात त्यांना खराबी म्हणतात आणि पुटीनं भरतात. पट्ट्यांवर बोटं किती वेळा पुढे सरकली त्याची ती नोंद असते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

त्यांनी रंगवू नका असं म्हटलं नाही. गारा थांबल्या, त्यांनी टोपी झटकली, “बिटं छान आलीत,” म्हणाल्या आणि गेल्या. ती फळी न रंगवायचं मीच ठरवलं. स्पिरिटनं पुसून चपड्याचे पातळ हात दिले, एवढंच.

पियानो आता चौकात आहे. बाहेरून पिवळा, झाकण उघडलं की आतून जुना. समितीच्या पाहणीत एका सदस्यानं ‘इथे राहिलंय’ असा शेरा मारला. करारात ‘दिसणारे सर्व भाग’ असं लिहिलंय, आणि मानधनाचा उरलेला हप्ता तो भाग पूर्ण झाल्यावर मिळेल असं पत्र आलंय. माझं मानधन पियानो लावण्याच्या अख्ख्या वर्षाच्या खर्चापेक्षा जास्त आहे, हेही त्या पत्रामुळेच मला कळलं, कारण खाली सगळ्या अंदाजपत्रकाची प्रत जोडली होती. रंगाचा फोटो छापता येतो, सुराचा नाही.

मला वाटलं होतं, ट्यूनर आजोबा तरी माझ्या बाजूनं बोलतील. ते म्हणाले, “लाव रंग आणि पैसे घे. ओरखड्यांचं एवढंच वाटत होतं तर तिनं पियानो घरी ठेवायचा होता.” चूक म्हणता येत नाही. देणगीच्या कागदावर सही बाईंचीच आहे. आणि तरी, आत्ता चौकात जी पोरं त्या फळीवर नवे ओरखडे काढताहेत त्यांचे हातही धुतलेले नसतात, नखंही कापलेली नसतात, आणि मला ते बघायला आवडतं. मग मी जपतेय ते नक्की काय?

समितीला मी उत्तर पाठवलंय. तिथला रंग नखांनी महिन्याभरात उडेल, पुन्हा पुन्हा लावायचा खर्च वेगळा येईल, असं. ते खरंही आहे, आणि खर्चाचं काढलं की ते ऐकतात. बाईंच्या आईबद्दल एक अक्षर लिहिलेलं नाही. लिहिलं असतं तर पियानोवर तिच्या नावाची पाटी लावायचं निघालं असतं, आणि ती रंगवायचं काम माझ्याकडेच आलं असतं.