तीस शेळ्या, एक बाप

आमच्या गोठ्यात ३० उस्मानाबादी शेळ्या आणि एक बोकड. काळाभोर, खुराचा भक्कम. चार वर्षं तोच आहे. या पावसाळ्यात एका पाठीचं, म्हणजे तरण्या शेळीचं, पहिल्या वेताचं करडू दुसऱ्या दिवशीच गेलं. वही काढली. त्या पाठीचा बापही हाच बोकड. म्हणजे करडाचा बाप आणि आजा एकच. एका मेलेल्या करडावरून निदान करता येत नाही, हे मला कळतं, पण त्या रात्री वही मिटवेना.

सीवॉल राइट या अमेरिकी शास्त्रज्ञानं १९३१ मध्ये मांडलेलं एक सूत्र बीएस्सीला शिकले होते. नर आणि माद्यांचा गुणाकार करा, त्याला चारनं गुणा, एकूण जनावरांनी भागा. येते ती कळपाची प्रभावी संख्या. आमची आली ३.८७. गोठ्यात ३१ जनावरं, पण आनुवंशिक विविधता गळतेय ती चार जनावरांच्या कळपासारखी. कारण साधं आहे: प्रत्येक करडाचा अर्धा वारसा त्या एकाच बोकडाचा.

मग शेळ्या दुप्पट करून पाहिल्या, कागदावर. ६० शेळ्या, एक बोकड: ३.९३. तीस शेळ्यांचा चारा वाढला आणि हाती काहीच आलं नाही! ३० शेळ्यांना दोन बोकड धरले तर ७.५. गोंदियाकडचे सारस जोडीनं राहतात. १५ नर, १५ माद्या धरल्या तर याच सूत्रानं ३० पक्ष्यांची प्रभावी संख्या ३०च भरते. सगळा फरक बाप किती, यानं पडतो.

सासऱ्यांना दाखवलं. अण्णा म्हणाले, "पोरी, एवढा देखणा बोकड इकायचा व्हय?" विकायचा नाही, अण्णा. दुसरा आणायचा. मात्र दोघांना एकत्र मोकळं सोडलं तर हा जुना दांडगा नव्याला माजावरच्या शेळीजवळ फिरकू देणार नाही. दोन बोकड पोसायचे आणि बाप पुन्हा एकच. म्हणून दोघे बांधून ठेवायचे, अर्ध्या शेळ्या याला, अर्ध्या त्याला. आणि लेकी बापापासून दूर.

रविवारी शेजारच्या गावी बोकड बघायला जातेय. दात, खूर अण्णा बघतील. मी त्याचा बाप कोणता ते विचारणार आहे. तीन वर्षांपूर्वी आमच्याच बोकडाचं एक करडू त्या गावाला विकलं होतं.