एल्टन जॉन, मातीत भाजलेला हेजहॉग आणि आमची भांडणं

सुरुवात मीच केली हे कबूल. मी आपलं सहज बोलून गेलो की एल्टन जॉनच्या कामातला सगळ्यात दुर्लक्षित भाग म्हणजे त्याची कंट्री गाणी, आणि दादा (मावसभाऊ, ज्याच्यामुळे मला एल्टन कळला) असा काही हसला की विचारू नका. "कंट्री? तो पिसं लावून पियानोवर उड्या मारणारा माणूस?" मग माझी एक मैत्रीण, जी गिटार वाजवते आणि आम्हा दोघांपेक्षा जास्त गाणी ऐकते, ती मध्ये पडली ती भांडण मिटवायला नाही, वाढवायला. तीन रात्री फोनवर चाललं हे सगळं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, एल्टन हा इंग्रज पॉप गायक-पियानिस्ट, आणि कंट्री म्हणजे अमेरिकेतलं गावाकडचं संगीत. एल्टन चाल लावतो आणि शब्द बर्नी टॉपिनचे, आणि यांची पद्धत अशी की आधी शब्द कागदावर येतात आणि मग एल्टन पियानोशी बसतो. म्हणजे गाण्यात घोडा, बंदूक, रेल्वे, मिसिसिपी नदी जे काय येतं ते बर्नीकडून येतं. आणि बर्नीला वेड होतं ते कंट्री गायक मार्टी रॉबिन्सच्या १९५९ सालच्या गनफायटर बॅलड्सचं, म्हणजे बंदूकबाजांच्या गोष्टी सांगणाऱ्या गाण्यांचं. इंग्लंडमधल्या लिंकनशायरच्या शेतावर वाढलेलं पोरगं आणि डोक्यात मात्र टेक्सास.

तर पहिलं भांडण 'टम्बलवीड कनेक्शन'वरून. १९७० चा अल्बम, नावापासूनच वेस्टर्न, कव्हरवर जुनंपानं स्टेशन. मी म्हटलं हा घ्या पुरावा. दादा म्हणाला, "अरे हा दुर्लक्षित कसा? एकही हिट सिंगल नसताना ब्रिटनमध्ये दोन नंबरला गेला, अमेरिकेत पाचला, याला दुर्लक्षित म्हणायचं तर बाकीच्यांनी काय करायचं?" बरोबर आहे, गप्प बसलो. मग तो पुढे म्हणाला की शिवाय हे सगळं खोटं आहे, ते कव्हरवरचं स्टेशनसुद्धा अमेरिकेतलं नाही, इंग्लंडमध्ये ससेक्समधलं हॉर्स्टेड कीन्स आहे. रेकॉर्डिंग लंडनच्या ट्रायडंट स्टुडिओत, १९७० च्या मार्चमध्ये, आणि एल्टन पहिल्यांदा अमेरिकेत गायला तो ऑगस्टमध्ये, लॉस एंजेलिसच्या ट्रूबडोर क्लबला. म्हणजे अमेरिका बघायच्या आधीच अमेरिकेवर अख्खा अल्बम करून मोकळे. बर्नी तेव्हा १९ वर्षांचा. दादाच्या मते हे फॅन्सी ड्रेस कॉम्पिटिशन.

इथे मैत्रिणीने जे काढलं ना त्याने माझं तरी त्या अल्बमकडे बघणंच बदललं. ती म्हणाली 'कंट्री कम्फर्ट' लावा आणि शेवटच्या कडव्याचे शब्द नीट ऐका. आम्ही ऐकलं. आगगाडी आहे, पाद्री आहे, आजी आहे, पोर्चवर खुर्च्या कुरकुरतायत, सगळा अमेरिकन माल. आणि त्याच्या मधोमध, मातीत लिंपून विटांच्या चुलीत भाजलेला हेजहॉग! हेजहॉग म्हणजे तो काट्यांचा गोळा होणारा छोटा प्राणी. "हा प्राणी अमेरिकेच्या रानात असतच नाही," मैत्रीण म्हणाली, "मातीत भाजून खायचे ते इंग्लंडमधले जिप्सी लोक. म्हणजे हे शेत टेनेसीतलं नाहीये रे, हे लिंकनशायर आहे, वरून फक्त हॅट घातलीये."

दादा म्हणाला, "झालं की मग, मी तेच म्हणतोय, खोटं." ती म्हणाली, "नाही, उलटं. ड्रेस खोटा आहे, शेत खरं आहे." आणि मी तिच्या बाजूचा झालो, उघड बोललो नाही कारण दादाशी अजून दोन रात्री बोलायचं होतं. (याच गाण्याचं एक दुसरं रूप रॉड स्ट्युअर्टने एल्टनच्याही आधी बाजारात आणलं होतं, आणि कित्येकांना अजून ते त्याचंच गाणं वाटतं. दुर्लक्षित म्हणतो ते असं.)

दुसऱ्या रात्री विषय निघाला की कंट्री म्हणायचं तरी कशाला. मैत्रीण या बाबतीत कडक आहे. तिच्या मते टम्बलवीडमधला बराचसा माल हा द बँड या ग्रुपचा प्रभाव आहे, 'बर्न डाउन द मिशन' तर चर्चच्या गाण्यासारखं चढत जातं, त्याला कंट्री म्हणणं म्हणजे नाटकात घोडा दिसला की त्याला सर्कस म्हणण्यासारखं. मग दादाच उलटला, म्हणाला 'टायनी डान्सर' चालेल का? त्यात बी. जे. कोलची पेडल स्टील आहे. आणि हे गाणं तर १९७२ ला अमेरिकेत सिंगल म्हणून आलं तेव्हा ४१ नंबरलाच अडकलं, आत्ता सगळे गळा काढून गातात तो भाग वेगळा.

पेडल स्टीलबद्दल दोन ओळी लिहायलाच पाहिजेत कारण सगळा घोळ तिच्याभोवती आहे. टेबलासारखी आडवी गिटार, डाव्या हातात पोलादी दांडी, ती तारांवरून सरकवायची, आणि पायाशी पेडल, गुडघ्याशी लिव्हर, ते दाबले की वाजत असलेल्या तारेचा सूर वरखाली होतो. म्हणजे एक सूर जागेवर उभा आणि दुसरा त्याच्याजवळ हळूहळू घसरत येतोय. आपल्या भाषेत मींड, पण कॉर्डमधल्या, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांतल्या, एकाच सुराची मींड, बाकीचे ढिम्म. ते ऐकलं की माणूस रडवेला होतो, त्यात कंट्री-बिंट्रीचा संबंध नाही, शारीरिक आहे ते. टायनी डान्सरमध्ये आधी नुसता पियानो चालू असतो आणि ही मागून कधी आत येते तेच पटकन कळत नाही.

"पण गाणं लॉस एंजेलिसच्या पोरीवर आहे," मैत्रीण. "वाद्यावरून जात ठरते का?" मी म्हटलं मग पियानोवरून ठरवू. आणि हे माझं लाडकं, त्यामुळे थोडं लांबेल. नॅशव्हिलला, म्हणजे कंट्रीच्या माहेरी, फ्लॉइड क्रेमर नावाचा पियानिस्ट होता, १९६० ला त्याचं 'लास्ट डेट' गाजलं, त्याची खासियत म्हणजे सूर सरळ न वाजवता शेजारच्या सुरावरून घसरून येणं. सा आणि प धरून ठेवा, आणि ग वाजवायच्या आधी रे ला नुसतं चाटून या. बस, एवढंच. आपला कणस्वरच की हा! हार्मोनियम शिकलेल्या कुणालाही दोन मिनिटांत जमेल. आता हे बोटात घेऊन एल्टनची गाणी ऐका, नुसती घोडेवाली नाही, कुठलीही हळू बॅलड काढा, रे-ग रे-ग जागोजागी. शब्द बर्नीचे कंट्री असतील नसतील, एल्टनच्या उजव्या हातात ते कायमचं बसलेलं आहे, असं माझं मत, आणि यावर दादा चक्क "हं" म्हणाला.

मग जरा अवघड गाण्यांवर आलो. 'माय फादर्स गन'मध्ये बापाला पुरून त्याची बंदूक उचलून अमेरिकेतल्या यादवी युद्धात दक्षिणेच्या बाजूने लढायला निघालेला मुलगा बोलतो. १९७२ च्या 'हाँकी शातो'मधल्या 'स्लेव्ह'मध्ये गुलाम बोलतो, मागे मस्त बँजो. १९७३ चं 'टेक्सन लव्ह साँग' तर लांब केसवाल्या पोरांना धमक्या देणाऱ्या माणसाच्या तोंडी आहे, आणि एल्टन ते असा हेल काढून गातो की थट्टा चाललीये हे कळतं, पण पहिल्यांदा ऐकताना मी जरा दचकलो होतो. मैत्रिणीला 'स्लेव्ह' झेपत नाही, ती म्हणते दोन इंग्रज पोरांनी हे कशाला गावं, आणि मला त्यावर उत्तर सुचलं नाही. बँजो आवडतो, एवढंच म्हणालो, आणि ते ऐकायला किती फालतू वाटलं ते बोलल्यावर कळलं.

याच रात्री माझी फजिती पण झाली. मी मोठ्या तोऱ्यात म्हणालो की एल्टनने रॉय रॉजर्सवर दोन गाणी केली, एक १९७३ च्या 'गुडबाय यलो ब्रिक रोड' अल्बममध्ये आणि एक २०१० ला लिऑन रसेलबरोबरच्या 'द युनियन'मध्ये. दादाने दोन सेकंद थांबून विचारलं, "दुसरं कुणावर म्हणालास?" दुसरं जिमी रॉजर्सवर आहे. तो रेल्वेत ब्रेकमन होता, टीबीने १९३३ ला गेला, ज्याला कंट्रीचा बाप म्हणतात तो. रॉय म्हणजे सिनेमातला गाणारा काउबॉय. इतकी वर्षं मी दोघांना एकच समजत होतो!

पण त्यामुळे 'रॉय रॉजर्स' परत नीट ऐकलं गेलं, आणि माझ्या मते हे सगळ्या यादीतलं सगळ्यात प्रामाणिक गाणं आहे. कारण त्यात कुणी काउबॉय नाहीच. कामावरून दमून आलेला, वय वाढत चाललेला एक माणूस रात्री टीव्हीसमोर बसलाय, पडद्यावर रॉय रॉजर्सचा जुना सिनेमा लागलाय, बस. म्हणजे बर्नीने तीन वर्षांनी सरळ कबुलीच दिली की बाबांनो, आम्ही घोडे पडद्यावरच बघितले. २०१८ ला कंट्रीवाल्यांनी 'रिस्टोरेशन' नावाचा अल्बम केला, सगळी एल्टन-बर्नीची गाणी, त्यात केसी मसग्रेव्ह्जने नेमकं हेच गाणं उचललं, मिरांडा लॅम्बर्टने 'माय फादर्स गन', आणि डॉली पार्टन आणि रोंडा व्हिन्सेंटने 'प्लीज', जे १९९५ चं आहे आणि जे एल्टनचे फॅन म्हणवणाऱ्यांपैकी किती जणांनी ऐकलंय देव जाणे. नॅशव्हिलवाल्यांना जे ऐकू आलं ते आपल्याला ऐकू येत नाही म्हणजे काय! आणि बर्नी तर पुढे खरोखरच कॅलिफोर्नियात जाऊन घोडे पाळून बसला, 'मेंडोसिनो काउंटी लाइन' त्याच्या सहलेखनातून आलं, विली नेल्सन आणि ली अॅन वोमॅकने गायलं, कंट्रीतलं ग्रॅमी मिळालं. फॅन्सी ड्रेसवाला पोरगा, दादा, ऐकतोयस ना.

तिसऱ्या रात्री मी शेवटचा पत्ता टाकला. २००४ चा 'पीचट्री रोड', अटलांटातल्या रस्त्याचं नाव, एल्टनने एकट्याने प्रोड्यूस केलेला अल्बम, फारसा कुणी विकत घेतला नाही. त्यात 'टर्न द लाइट्स आउट व्हेन यू लीव्ह'. यात बंदूक नाही, नदी नाही, दक्षिण नाही. बाई निघून चाललीये आणि हा म्हणतोय जा बाई, मला काही वाटत नाहीये, फक्त जाताना दिवे बंद कर. अर्थात वाटतंय, खूप वाटतंय, पेडल स्टील मागून सगळं सांगून टाकतेय आणि हा पुढे आव आणतोय. आवाज १९७० चा नाही, खाली उतरलाय, जड झालाय, आणि या गाण्याला तोच हवा होता.

मी ते पूर्ण वाजवलं. मैत्रीण म्हणाली हे कंट्री, यावर वाद नाही. दादा काहीच बोलला नाही, मला वाटलं फोन कट झाला. मग म्हणाला, "परत लाव." आणि दुसऱ्यांदा संपल्यावर, "ठीक आहे, पण डिक्सी लिलीबद्दल मी अजून ऐकणार नाही."

'डिक्सी लिली' म्हणजे १९७४ च्या 'कॅरिबू'मधलं बोटीवरचं गाणं. मला ते आवडतं. चौथी रात्र त्याच्यावर जाणार असं दिसतंय.