पिचकारीच्या झाडाखाली
आज सकाळी सोसायटीच्या फाटकापाशी पिचकारीच्या केशरी फुलांचा सडा पडला होता आणि एक मुलगा कळी दाबून दुसऱ्याच्या अंगावर पाणी उडवत होता. हे झाड मूळचे आफ्रिकेतले. ऑक्टोबर २००४ मध्ये शांततेचे नोबेल मिळाल्याची बातमी कळताच पर्यावरण कार्यकर्त्या वांगारी मथाई यांनी केनियातील न्येरी येथे याच जातीचे रोप लावले होते, हे आठवले आणि मग दिवसभर त्याच डोक्यात घोळत राहिल्या.

पशुवैद्यकीय शरीररचनाशास्त्र शिकवणाऱ्या आणि १९७१ मध्ये पूर्व व मध्य आफ्रिकेतील पहिल्या महिला पीएच.डी. ठरलेल्या या बाईंनी १९८२ मध्ये संसदेची पोटनिवडणूक लढवण्यासाठी नैरोबी विद्यापीठाची नोकरी सोडली. उमेदवारी तांत्रिक कारणावरून बाद झाली आणि त्या परत गेल्या, तेव्हा विद्यापीठाने त्यांना घेतले नाही. राहते घरही गेले. मला स्वतःला हा प्रसंग नोबेलपेक्षा मोठा वाटतो, कारण १९७७ मध्ये सात रोपांनी सुरू झालेल्या त्यांच्या ग्रीन बेल्ट या वृक्षलागवडीच्या चळवळीला त्यानंतर त्यांनी पूर्ण वेळ वाहून घेतले, खेड्यांतील बायकांकडून रोपवाटिका उभ्या केल्या आणि १९८९ मध्ये नैरोबीतल्या उहुरू पार्क या सार्वजनिक उद्यानात होऊ घातलेल्या ६० मजली इमारतीविरुद्ध थेट राष्ट्राध्यक्ष मोई यांच्याशी वैर पत्करले. ती इमारत झाली नाही.

२००२ मध्ये टेटू मतदारसंघाने ९८ टक्के मते देऊन त्यांना संसदेत पाठवले. पुढे त्या पर्यावरण खात्याच्या सहायक मंत्री झाल्या, आणि २००७ मध्ये मात्र स्वतःच्याच पक्षाची उमेदवारी त्यांना मिळवता आली नाही.

संध्याकाळी परतलो तेव्हा फाटकापाशी झाडलोट होऊन गेली होती.