शेंगदाण्याच्या गावातला हिशेब

अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातल्या प्लेन्स गावी, मारानाथा बॅप्टिस्ट चर्चमध्ये दानाची थाळी हातात आली की ती पुढे सरकवण्याआधी पालथी करून बघा. लेथवर फिरवून केलेली साधी लाकडी थाळी, आणि तळाला दोन अक्षरं, 'जे. सी.' चर्चमध्ये ही अक्षरं दिसल्यावर कुणाला थेट येशू ख्रिस्तच आठवला तर त्याचा दोष नाही. पण थाळ्या केल्या आहेत जिमी कार्टर यांनी. याच चर्चचं गवत ते कापत आणि त्यांच्या पत्नी रोझलिन आतली साफसफाई करत. १९७७ ते १९८१ अमेरिकेचं अध्यक्षपद भोगून आल्यानंतरची ही कामं.

थाळी पुढे जाते आणि शेजारून ठरलेलं वाक्य येतं. "फार भला माणूस. अध्यक्ष म्हणून काही जमलं नाही बिचाऱ्याला." या गावात अर्धा दिवस काढला तरी हे वाक्य तीन-चारदा ऐकू येतं, आणि मला त्याचा दरवेळी राग आला. एक तर अमेरिकेचा अध्यक्ष कधीच बिचारा नसतो. दुसरं म्हणजे भलेपणा एका डब्यात, परराष्ट्र धोरण दुसऱ्या डब्यात, आणि दोन्हींची झाकणं घट्ट, असा हिशेब फार सोयीचा आहे. तो कुणालाच दुखवत नाही.

अटलांटाहून प्लेन्स साधारण अडीचशे किलोमीटर. कोलंबसपर्यंत मोठा रस्ता, पुढे २८० क्रमांकाचा हायवे. रिचलंड, प्रेस्टन, मग प्लेन्स. शेवटचा टप्पा लाल मातीच्या मुलखातला. सप्टेंबर-ऑक्टोबरात गेलात तर भुईमूग उपटून, वेल उलटे करून, शेंगा वर ठेवून ओळीने वाळत घातलेले दिसतात. दोन-तीन दिवस ऊन मिळालं की शेंगा तोडणारं यंत्र फिरतं. मध्येच पाऊस आला तर काय होतं हे आपल्याकडच्या भुईमूगवाल्याला सांगायला नको. गावाची वस्ती सहाशेच्या आतबाहेर. बघायच्या जागा सगळ्या नॅशनल पार्क सर्व्हिसच्या ताब्यात आणि फुकट: जुनी शाळा, रेल्वेचा डेपो, आणि गावाबाहेर आर्चरी इथलं कार्टरचं लहानपणीचं शेतघर. १९७६च्या प्रचाराचं मुख्यालय डेपोत होतं, कारण गावातल्या रिकाम्या इमारतींपैकी चालू संडास तेवढा तिथेच होता. ही गोष्ट गावात अभिमानाने सांगतात.

शेतघरात आंघोळीची जागा चुकवू नका. १९३५ मध्ये वडिलांनी पवनचक्की बसवली आणि नळाचं पाणी घरात आलं. न्हाणीत वर टांगलेला, बुडाला भोकं पाडलेला डबा हाच शॉवर. पाणी थंडगार. वीज आली १९३८ साली. आजूबाजूची बहुतेक कुटुंबं कृष्णवर्णीय शेतमजुरांची, आणि हा पोरगा त्यांच्या पोरांबरोबर वाढला. पुढे १९६१ मध्ये बांधलेलं गावातलं दोन बेडरूमचं घर त्यांनी अखेरपर्यंत बदललं नाही. बाहेर उभ्या असणाऱ्या सुरक्षा दलाच्या चिलखती गाड्या त्या घरापेक्षा महाग होत्या. २९ डिसेंबर २०२४ला, वयाची शंभरी ओलांडून, ते तिथेच गेले. म्हणजे साधेपणा देखाव्याचा नव्हता. त्याबद्दल माझी तक्रारच नाही.

तक्रार पुढे सुरू होते. कारण हा भलेपणा परराष्ट्र धोरणाच्या बाहेर उभा नव्हता, कामाला जुंपलेला होता. कॅम्प डेव्हिड, म्हणजे अमेरिकी अध्यक्षांच्या विश्रांतीच्या जागी झालेली बोलणी बघा. ५ ते १७ सप्टेंबर १९७८, तेरा दिवस. इजिप्तचे अध्यक्ष सादात आणि इस्राएलचे पंतप्रधान बेगिन यांना एका खोलीत बसवलं की भांडण व्हायचं, म्हणून तिसऱ्या दिवसानंतर कार्टर दोघांच्या बंगल्यांमध्ये स्वतः खेपा घालू लागले. मसुदा एकच. तो यांना दाखवायचा, खाडाखोड घ्यायची, त्यांना दाखवायचा. असे २३ मसुदे झाले. अकराव्या दिवशी सादातांनी बॅगा भरल्या. कार्टरनी त्यांना गाठून थांबवलं. तेराव्या दिवशी जेरुसलेमवरच्या एका पत्रावरून बेगिन अडून बसले. त्यांनी आधी नातवंडांसाठी तिघांच्या फोटोंवर सह्या मागितल्या होत्या. कार्टरच्या सेक्रेटरीने नातवंडांची नावं शोधून काढली, कार्टरनी एकेका फोटोवर एकेक नाव लिहिलं आणि फोटो घेऊन ते बेगिनच्या बंगल्यावर गेले. बेगिन नावं मोठ्याने वाचू लागले आणि त्यांचा आवाज कापायला लागला. दोघे नातवंडांबद्दल बोलत बसले, मग पत्राचे शब्द बदलले आणि बेगिन राजी झाले. २६ मार्च १९७९ला तह झाला, आणि तो आजही टिकून आहे.

पण त्याच मुक्कामातली दुसरी गोष्ट कुणी सांगत नाही. इस्राएलच्या ताब्यातल्या वेस्ट बँकमधल्या नव्या इस्राएली वसाहती थांबवण्याबद्दल बोलणं झालं. कार्टर समजले की पॅलेस्टिनी स्वायत्ततेची बोलणी चालतील तोवर वसाहती बंद. बेगिन यांनी नंतर पत्र दिलं ते तीन महिन्यांचं. तीन महिने सरले आणि वसाहती पुन्हा वाढू लागल्या. शब्दावर विश्वास टाकला, लेखी घेतलं नाही. ज्या स्वभावाने फोटोंवर नावं लिहिली त्याच स्वभावाने हा कागद राहून गेला. इजिप्तला सिनाईचं द्वीपकल्प परत मिळालं, आणि पॅलेस्टिनी लोक त्या तेरा दिवसांत कुठल्याच बंगल्यात नव्हते.

इथेच मला या माणसाची किल्ली सापडते. समोर बसलेल्या माणसाशी कार्टर कमालीचे भले वागत. गोम अशी की समोर कोण बसणार हे आधीच ठरलेलं असे.

१९७७ची ३१ डिसेंबर. तेहरानमध्ये इराणचा राजा शाह याच्या मेजवानीत पेला उंचावून कार्टर म्हणाले की इराण म्हणजे अशांत टापूतलं स्थैर्याचं बेट, आणि त्याचं श्रेय शाहला, त्याच्यावरच्या जनतेच्या प्रेमाला. शाहचं 'सावाक' हे गुप्त पोलीस खातं तेव्हा काय करत होतं ते वॉशिंग्टनला ठाऊक होतं. यजमान समोर होता आणि पाहुण्याने चार गोड शब्द बोलले. जेमतेम वर्ष उलटलं आणि शाह देश सोडून पळाला.

दुसऱ्याच दिवशी हे विमान दिल्लीत. मोरारजी देसाईंशी अणुइंधनावरून वाद चालू होता. माईक चालू आहे हे न कळून कार्टर आपल्या परराष्ट्रमंत्र्यांना म्हणाले की परत गेल्यावर यांना थंड आणि अगदी सडेतोड पत्र लिहायला हवं. ते सगळ्यांनी ऐकलं. आणि ३ जानेवारीला हेच कार्टर हरियाणातल्या दौलतपूर नसिराबाद गावात. गावाने खुशीने स्वतःचं नाव बदलून 'कार्टरपुरी' ठेवलं! अठ्ठेचाळीस तासांत दोन्ही कार्टर दिसले.

वाद होता आपल्या तारापूरचा. १९६३च्या करारानुसार तिथल्या दोन अणुभट्ट्यांना अमेरिका समृद्ध युरेनियम पुरवणार होती. १९७४ला पोखरण झालं. मार्च १९७८मध्ये अमेरिकेने नवा कायदा केला: ज्या देशाचे सगळे अणुप्रकल्प आंतरराष्ट्रीय तपासणीखाली नाहीत, त्याला इंधन नाही. आधीच्या कराराला नंतरचा कायदा लावला, ही दिल्लीची तक्रार मला आजही रास्त वाटते. कार्टरना अणूचं पुस्तकीच ज्ञान होतं असं नाही. १९५२मध्ये कॅनडाच्या चॉक रिव्हर अणुभट्टीत अपघात झाला तेव्हा ते नौदलाच्या तुकडीबरोबर आत उतरले होते, किरणोत्सारामुळे एकेकाला दीड-दीड मिनिटच. म्हणून अण्वस्त्र-प्रसाराची त्यांची भीती खरी होती. पण डिसेंबर १९७९मध्ये रशियन फौजा अफगाणिस्तानात शिरल्या आणि भारत दुखवून चालेना. अणुनियामक आयोगाने नकार दिला असताना कार्टरनी ३८ टन इंधन मंजूर केलं. प्रतिनिधिगृहाने फेटाळलं, सिनेटमध्ये ४८ विरुद्ध ४६ मतांनी कसंबसं तगलं. तत्त्व किती टिकलं? फौजा हलेपर्यंत. त्याच अफगाणिस्तानापायी पाकिस्तानला ४० कोटी डॉलर देऊ केले, तर झिया-उल-हक ती रक्कम 'शेंगदाणे' म्हणून झटकून मोकळे झाले. इंग्रजीत 'पीनट्स' म्हणजे चिल्लर, आणि कार्टर तर स्वतः शेंगदाण्याचे शेतकरी. प्लेन्समध्ये हा विनोद अजून कुणी बनियनवर छापलेला दिसला नाही.

आता ज्यांची पाळी कधी समोर बसायची आली नाही ते. इंडोनेशियाने शेजारच्या छोट्या पूर्व तिमोरवर डिसेंबर १९७५मध्ये चढाई केली, ती कार्टरच्या आधीचे अध्यक्ष फोर्ड यांच्या काळात. पण सर्वांत भयंकर काळ १९७७ ते ७९चा. डोंगरात लपलेल्या लोकांना वेढा, हवेतून बॉम्ब, मग उपासमार. याच वर्षांत कार्टर सरकारने इंडोनेशियाला शस्त्रं वाढवून दिली. डोंगरांवर फिरणारी ब्रॉन्को विमानं अमेरिकन बनावटीची होती, आणि मे १९७८मध्ये उपाध्यक्ष माँडेल जकार्ताला गेले तेव्हा ए-४ लढाऊ विमानांचाही मार्ग मोकळा झाला. तिमोरच्या सत्यशोधन आयोगाचा १९७४ ते १९९९ या काळाचा किमान अंदाज १,०२,८०० मृत्यूंचा आहे. त्यातले ८४,२०० भुकेने आणि आजाराने. हे मानवी हक्कांचं नाव घेऊन निवडून आलेल्या अध्यक्षाच्या खात्यावर मांडायचं की नाही? मी मांडतो. तो निर्णय अज्ञानातून झाला नव्हता, मोठ्या मित्रदेशाच्या सोयीने झाला होता.

एल साल्वादोरचे आर्चबिशप रोमेरो तर स्वतःहून समोर आले. १७ फेब्रुवारी १९८०ला त्यांनी कार्टरना पत्र लिहिलं, एक ख्रिश्चन दुसऱ्या ख्रिश्चनाला लिहितो तसं, की आमच्या सैन्याला मदत देऊ नका, ती आमच्याच लोकांवर चालते. २४ मार्चला प्रार्थना चालू असताना त्यांना गोळी घातली. मदत गेलीच. डिसेंबरात चार अमेरिकन चर्च-सेविकांना तिथल्या सैनिकांनी मारलं तेव्हा ती थांबली, आणि जानेवारी १९८१मध्ये, पद सोडायला आठवडा उरला असताना, पुन्हा सुरू झाली. दर रविवारी बायबल शिकवणाऱ्या माणसाच्या खात्यातली ही नोंद मला सर्वांत जड वाटते.

दुसरी बाजू खोटी नाही. अर्जेंटिनाच्या लष्करशहांची मदत कार्टरनीच कापली आणि तिथले काही कैदी त्या दबावामुळे जिवंत सुटले. पनामा कालवा परत देण्याचे दोन करार त्यांनी सिनेटमधून ६८ विरुद्ध ३२ने, म्हणजे लागणाऱ्या मतांपेक्षा एकच जास्त घेऊन, पार पाडले.

आणि ज्या गोष्टीसाठी त्यांना 'जमलं नाही' म्हणतात ती, म्हणजे शाह गेल्यावर तेहरानच्या वकिलातीत ओलीस धरलेल्या अमेरिकनांच्या सुटकेची मोहीम, मला नैतिक हिशेबात धरायचीच नाही. २४ एप्रिल १९८०. आठ हेलिकॉप्टरं निघाली, वाळवंटातल्या तळावरून पुढे जायला किमान सहा हवी होती. एकाच्या पात्यात तड्याचा इशारा आला म्हणून ते वाटेत सोडलं. दुसरं धुळीच्या लोटातून माघारी फिरलं. तिसरं तळावर पोचलं, पण हायड्रॉलिक बिघडलेलं. उरली पाच. मोहीम रद्द. परत निघताना धुळीत एक हेलिकॉप्टर इंधनवाहू विमानावर आदळलं आणि आठ जण गेले. हे सुट्या भागांचं आणि वजाबाकीचं अपयश आहे. मतदारांनी शिक्षा दिली ती मात्र याचीच, तिमोरची नाही.

पद गेल्यावर हा माणूस अशा गावांत गेला जिथून कुणी व्हाइट हाउसला पोचलं नसतं. नारू आपल्याकडच्या जुन्या पिढीला माहीत आहे. उघड्या विहिरीच्या पाण्यात बारीक किडे, त्यांच्यात नारूच्या अळ्या. पाणी प्यायल्यावर वर्षभराने पायावर फोड येतो आणि जवळजवळ मीटरभर लांब जंत बाहेर डोकावतो. तो काडीवर गुंडाळत रोज काही सेंटिमीटरच ओढायचा. घाई केली की तुटतो आणि पाय सुजून येतो. आग शमवायला रोगी पाण्यात पाय घालतो आणि जंत तिथेच नव्या अळ्या सोडतो. लस नाही, औषध नाही. पाणी कापडातून गाळा, रोग्याला पाण्यापासून लांब ठेवा, पाण्यात ते किडे मारणारं टेमेफॉस टाका, एवढंच. १९८६मध्ये २१ देशांत सुमारे ३५ लाख रोगी होते, २०२४मध्ये १५ माणसं. १९९५मध्ये सुदानच्या यादवीत या कामासाठी कार्टरनी युद्धविराम घडवला, तो जवळजवळ सहा महिने चालला. भारतातलं श्रेय मात्र त्यांना देऊ नका. आपली मोहीम त्यांच्या आधीची, शेवटचा रोगी १९९६चा.

गावात मिस लिलियन यांच्याबद्दल विचारलं तर लोक खुलतात. कार्टरच्या आई. अडुसष्टाव्या वर्षी पीस कोअर या अमेरिकी सरकारच्या स्वयंसेवक योजनेतून त्या मुंबईला आल्या आणि विक्रोळीच्या गोदरेज वसाहतीत एकवीस महिने नर्सचं काम केलं. मुलगाही २००६ला लोणावळ्याजवळच्या पाटण गावात गरिबांसाठी घरं बांधणाऱ्या हॅबिटॅट संस्थेच्या शंभर घरांच्या मोहिमेत हातोडा घेऊन उभा होता, वय ८२. ज्याला त्यातलं घर मिळालं त्याचं मत कार्टरबद्दल चांगलं असणार, आणि ते बरोबरच आहे. पूर्व तिमोरची राजधानी दिली, तिथल्या माणसाचं मत वेगळं असेल, आणि तेही बरोबर. या दोघांची सरासरी काढून 'भला, पण बिचारा' म्हणणं मला पटत नाही.

जेवायला मात्र प्लेन्समध्ये थांबू नका, सोळा किलोमीटरवर अमेरिकसला जा. गावात शेंगदाण्याच्या लोण्याचं आइस्क्रीम मिळतं, ते खा. उकडलेल्या शेंगाही मिळतात, लहानपणी कार्टर रस्त्यावर विकत तशाच. मिठाच्या पाण्यात तासन् तास शिजवून पार लगदा केलेल्या. आपल्या उकडलेल्या शेंगांची अपेक्षा ठेवू नका, आणि पिशवी गाडीत विसरू नका, दुसऱ्या दिवसापर्यंत आंबतात.