तुम्ही विचारलंत म्हणून: हो, घेतलं होतं दर्शन

हो, घेतलं होतं कार्तिकस्वामीचं दर्शन. एकदा नाही, तीनदा. आणि तिन्ही वेळा ना कार्तिकी पौर्णिमा होती, ना कृत्तिका नक्षत्र.

कुणी थेट विचारत नाही. "कोइमतूरला होतात ना इतकी वर्षं? मग तिकडची देवळं पाहिली असतील," इथून सुरुवात होते आणि गाडी हळूच पळणीच्या डोंगरावरच्या कार्तिकस्वामीवर येते. कार्तिकी पौर्णिमेचा कृत्तिका योग सोडून एरवी बाईने त्याला पाहिलं तर सात जन्म वैधव्य. हे गेले, मग माझा हिशेब लागला. सातातला हा कितवा, तेवढं मात्र कुणी सांगत नाही.

मीही तुमच्यातलीच. लहानपणी पर्वतीवर गेलो की आई कार्तिकस्वामीच्या देवळाशी पदर पुढे ओढून आम्हा बहिणींना विष्णूकडे पिटाळायची. भाऊ आत जाऊन यायचा आणि मोरावर बसलेला देव कसा दिसतो, ते ऐटीत सांगायचा. मोर बघायचा राहिला, याचंच वाईट वाटायचं.

कोइमतूरच्या शेजारणीच्या देव्हाऱ्यात हाच देव वल्ली आणि देवयानै या दोन बायकांच्या मधोमध उभा. तो ब्रह्मचारी आहे, असं मी तिला सांगितलं तर तिला आधी कळेचना, मग हसू आवरेना. महाभारताच्या वनपर्वातही देवसेनेशी त्याचं लग्न लागलंय. बंगालात तर नवपरिणितांच्या दाराशी कार्तिकाची मूर्ती गुपचूप ठेवून जातात, मुलगा व्हावा म्हणून. रुसून क्रौंच पर्वतावर बसलेला आणि बायकांना टाळणारा तो आपल्याकडे. त्याचीही एक गोष्ट ब्रह्मपुराणात आहे, अगदी गोदावरीकाठची. देवांच्या बायकांमागे लागलेल्या या पोराला जिथेतिथे पार्वतीच दिसू लागली, तो लाजला आणि विरक्त झाला. प्रत्येक बाईत आई दिसली म्हणून! त्या गोष्टीत वैधव्य कुठेच नाही. छांदोग्य उपनिषदात नारदाला शिकवणाऱ्या सनत्कुमारालाच शेवटी स्कंद म्हटलंय. आणि तो ज्यांच्यातला, ते सनकादिक तर कायमचे पाच-सहा वर्षांचे. एवढ्या पोराने बाईला बघून शाप द्यायचा?

हे सगळं मी नंतर वाचलं. वकिलासारखं, खटला उभा राहिल्यावर.

चौदाव्या दिवशी आत्तेसासूबाई फ्रीज आवरत होत्या. वाईट बाई नव्हेत. ते तेरा दिवस मला न्हाऊ घालून, दटावून दूध पाजलं ते त्यांनीच. मी ओट्याशी कणीक भिजवत होते. मागच्या खणातून त्यांनी एक डबा काढला. "हे काय गं?"

पळणीचं पंचामृत. केळी, गूळ, मध, तूप, खजूर, खडीसाखर. आपल्यासारखं पातळ नाही, मुरांब्यासारखं दाट.

त्यांनी झाकण लावलं. "तू वर गेली होतीस? आत?"

"हो."

"त्याला माहीत होतं?"

त्यानेच तर नेलं होतं, असं मी म्हणायला हवं होतं. पहिल्या वेळी जवळपास सातशे पायऱ्या चढून गेल्यावर मी बाहेर बसते म्हणाले, तेव्हा हा दम खात म्हणाला होता, "या एवढ्या बायका काय वेड्या आहेत? चल." आत दंड घेतलेला, लंगोटीतला कोवळा पोरगा. रुसून आलेल्या मुलासारखा. मला भीती वाटली नाही, जेवलास का रे, असं विचारावंसं वाटलं.

यातलं काहीच बोलले नाही. कणीक मळत राहिले. त्या डबा घेऊन मागच्या दाराने गेल्या आणि पेरूच्या बुंध्याशी पालथा करून आल्या. डबा घासून पुसून जागेवर ठेवला. पुन्हा त्या विषयावर अवाक्षर काढलं नाही. दोन दिवस त्या झाडापर्यंत मुंग्यांची रांग होती.

बारा वर्षांची शुगर होती हो त्याला. अँजिओग्राफीची तारीख त्याने दोनदा पुढे ढकलली, ती चिठ्ठी त्याच फ्रीजवर चिकटवलेली होती. ती कुणाला दिसली नाही.

पण तुम्ही विचारलंतच, तर आजवर न सांगितलेलंही सांगते. तिसऱ्या वेळी मी एकटी गेले होते, त्याला न सांगता. त्याच्या हृदयासाठीच मागायला. दोन महिन्यांनी तो गेला. त्यामुळे "त्याला माहीत होतं?" याचं उत्तर मला त्या दिवशीही देता आलं नसतं. शाप मी मानत नाही. पण शाप मानायचा नाही, तर मग मागायला कशाला गेले होते? इथे माझी वकिली थांबते.

गेल्या वर्षी लेकीचा फोन आला. लग्नाला दोन वर्षं झालीत, चेन्नईला असते. ऑफिसातल्या मैत्रिणी शनिवारी पळणीला निघाल्या होत्या.

"जाऊ ना गं आई?"

"जा की. पायऱ्यांनी चढ. येताना पंचामृत आण."

फोन ठेवून भिंतीवरच्या कालनिर्णयात शनिवार पाहिला. रोहिणी. कृत्तिका शुक्रवारीच संपत होतं. मी बराच वेळ तिथेच उभी होते. तिला परत फोन केला नाही.